विश्वाला ‘बाहेर’ नाही, म्हणून ते सजीव नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेंदूतल्या न्यूरॉनचं जाळं आणि दीर्घिकांचं (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समुदायांचं) जाळं यांची चित्रं शेजारी ठेवली तर कुठलं कशाचं हे सांगता येत नाही. तारे जन्मतात, मरतात, त्यांच्या राखेतून नवे तारे होतात. आणि आपल्याकडे तर ‘जे पिंडी ते ब्रह्मांडी’ म्हणतातच. मग सगळं विश्व हाच एक महाकाय सजीव आणि आपण त्यातल्या पेशी, असं शास्त्राच्या चौकटीत राहून म्हणता येईल का?

माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण हा प्रश्न हसण्यावारी नेणं मला जमत नाही. मी रेडिओ खगोलशास्त्रात काम करतो, दीर्घिकांचे समूह आणि त्यांच्यामधला तप्त वायू हा माझा विषय. तिथे कधी कधी असं काही दिसतं की, जीवशास्त्रातला शब्द तोंडात आल्याशिवाय राहत नाही. म्हणून आधी सोपे मुद्दे उरकतो आणि मग त्या वायूकडे वळतो.

त्या व्हायरल चित्रापासून सुरुवात करू. त्यातला विश्वाचा जो भाग दाखवतात तो बहुतेक वेळा दुर्बिणीतून टिपलेला फोटो नसतोच. ते संगणकावर केलेलं सिम्युलेशन असतं, आणि त्यात जे चमकताना दिसतं ते कृष्णपदार्थाचं वितरण, म्हणजे डोळ्यांना कधीच न दिसणारी गोष्ट. जांभळा-पिवळा रंग नंतर भरलेला. न्यूरॉनच्या चित्रातही रंग दिलेलाच असतो. दोन्हीकडे रंग निवडणारा माणूसच असतो, हे लक्षात ठेवलं की निम्मी जादू उतरते.

उरलेली निम्मी मात्र खरी आहे. २०२० मध्ये इटलीतल्या दोघांनी, खगोलभौतिकीतज्ज्ञ फ्रँको वाझ्झा आणि न्यूरोसर्जन अल्बेर्टो फेलेत्ती यांनी, ही तुलना नुसत्या नजरेने न करता आकड्यांत केली. लहान मेंदूच्या आणि मोठ्या मेंदूच्या कापांच्या सूक्ष्मदर्शकीय प्रतिमा एकीकडे, विश्वाचं सिम्युलेशन दुसरीकडे. कुठल्या लांबीवर घनतेत किती चढउतार आहेत ते त्यांनी दोन्हीकडे मोजलं. लहान मेंदूत एक मायक्रॉनपासून दशांश मिलिमीटरपर्यंत जसा आलेख येतो, तसाच विश्वात ५० लाख ते ५० कोटी प्रकाशवर्षांच्या पट्ट्यात येतो. निष्कर्ष प्रामाणिक आहे, आणि त्या दोघांनी विश्व विचार करतं असं कुठेही म्हटलेलं नाही. गाठी, धागे आणि मधल्या पोकळ्या अशी रचना तयार होण्यासाठी फार कमी अटी लागतात, एवढंच यातून कळतं. विश्वात ती गुरुत्वाकर्षणाने होते: जिथे पदार्थ किंचित जास्त होता तिथे आणखी खेचला गेला. मेंदूत पेशी वाढतात, फाटे फुटतात, न वापरलेले जोड छाटले जातात. कारणं पूर्ण वेगळी, आलेख एकसारखा.

आलेख जुळला म्हणून वस्तू एकाच जातीच्या ठरत नाहीत, हा वाद आपल्या देशात जुना आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १९०० च्या आसपास धातू, वनस्पती आणि प्राण्यांचे स्नायू यांना उत्तेजना देऊन त्यांच्या प्रतिसादाच्या रेषा शेजारी शेजारी मांडल्या होत्या. धातूही ‘थकतो’, विश्रांतीनंतर ‘ताजातवाना’ होतो. रेषा फार सुंदर जुळल्या. तरी कथिलाचा तुकडा जिवंत आहे असं त्यानंतरच्या पदार्थविज्ञानाने मानलं नाही, आणि बोसांची मोजमापं त्यामुळे खोटीही ठरली नाहीत.

आता जाळं आहेच म्हणता, तर त्यातून निरोप किती जातात ते पाहू. पुण्यातल्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘सरस्वती’ नावाचा दीर्घिकांचा महासमूह जाहीर केला. तो आपल्यापासून सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याचा पसारा सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षांचा आहे. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. म्हणजे सरस्वतीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला प्रकाशाच्या वेगाने निरोप पाठवत राहिलो, तर विश्वाच्या अख्ख्या आयुष्यात जेमतेम २३ खेपा होतात. मेंदूत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला संकेत जायला १० मिलिसेकंद धरले, तर २३ खेपांना पाव सेकंदही लागत नाही. डोळ्याची पापणी लवायला साधारण एवढाच वेळ लागतो. ही उदार मोजणी आहे. सरस्वती सुरुवातीपासून तयार नव्हती, आणि तिच्यातून असे निरोप प्रत्यक्षात कुणी पाठवतही नाही.

पुढे तर परिस्थिती आणखी बिघडते. विश्वाचं प्रसरण मंदावत नसून वेग घेतं आहे, हे १९९८ मध्ये दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या निरीक्षणांतून कळलं. त्याचा एक परिणाम असा की, आज सोळा-सतराशे कोटी प्रकाशवर्षांपलीकडे असलेल्या दीर्घिकेला आपण आत्ता सोडलेला प्रकाश कधीच गाठणार नाही. दृश्य विश्वाची त्रिज्या आहे सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षं. हिशेब केला तर दृश्य विश्वातल्या ९० टक्क्यांहून जास्त दीर्घिका आपल्या हाताबाहेर गेलेल्या आहेत, आणि रोज आणखी काही जात आहेत. ज्याचे अवयव एकमेकांपासून कायमचे तुटत चालले आहेत त्याला एक शरीर कशाच्या आधारावर म्हणायचं?

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो, कारण इथे तुमची बाजू सगळ्यात भक्कम आहे.

दीर्घिकांच्या मोठ्या समूहात दीर्घिकांपेक्षा कितीतरी जास्त वस्तुमान त्यांच्यामधल्या विरळ वायूत असतं. हा वायू काही कोटी अंश तापलेला असतो आणि क्ष-किरणांत चमकतो. चमकतो म्हणजे ऊर्जा गमावतो. मध्यभागी तो दाट असल्याने तिथे तो भराभर थंड व्हायला हवा, आत कोसळायला हवा आणि त्यातून दरवर्षी शेकडो सूर्यांच्या वस्तुमानाएवढे तारे बनायला हवेत. प्रत्यक्षात तसं होत नाही. एवढे तारे तिथे सापडत नाहीत. म्हणजे कुणीतरी त्या वायूला पुन्हा पुन्हा तापवतं आहे.

तापवणारा सापडला तो मधल्या दीर्घिकेच्या पोटात. तिथल्या महाकाय कृष्णविवराकडे थोडा थंड वायू पोचला की ते जागं होतं, दोन बाजूंना प्रचंड वेगाचे झोत फेकतं, झोत वायूत हजारो, कधी लाखो प्रकाशवर्षांचे फुगे फुगवतात आणि आजूबाजूचा वायू तापतो. वायू तापला की आत पडणं थांबतं, खुराक तुटतो, कृष्णविवर शांत होतं. पुन्हा वायू निवायला लागतो, पुन्हा थोडा आत पडतो. इस्त्रीतला थर्मोस्टॅट जसा चालू-बंद होतो तसं हे कोट्यवधी वर्षं चालतं. ज्याचा घेर जेमतेम सूर्यमालेएवढा, ते अख्ख्या समूहाच्या गाभ्याचं तापमान सांभाळतं.

हे पाहायला दोन डोळे लागतात. क्ष-किरणांच्या प्रतिमेत फुग्याच्या जागी नुसतं भोक दिसतं, कारण तप्त वायू तिथून बाजूला ढकलला गेलेला असतो. त्याच आकाशाची कमी वारंवारतेची रेडिओ प्रतिमा त्यावर ठेवली की ती भोकं बरोबर भरून येतात. झोतातून आलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरत रेडिओ लहरी सोडत असतात. जुने झालेले इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून बसतात आणि फक्त कमी वारंवारतेलाच दिसतात. नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना या कामाला फार उपयोगी पडतात त्या यामुळेच. डेटा साफ करताना मोबाइल, वीजवाहिन्या, उपग्रह यांचा गोंगाट काढून टाकत बसावं लागतं, पण शेवटी स्क्रीनवर रेडिओचे समोच्च रेषांचे वेढे क्ष-किरणांच्या काळ्या खड्ड्यात अचूक बसलेले दिसले की, ‘हे श्वास घेतंय’ असं मनात येतंच. आम्ही आपसात ‘खाणं’, ‘ढेकर’, ‘झोपलंय’ असे शब्द सर्रास वापरतो. शोधनिबंधांतसुद्धा ‘फीडिंग’ आणि ‘फीडबॅक’ असतात.

पर्सियस समूहात तर या फुग्यांमुळे वायूत लाटा उठलेल्या दिसतात. २००३ मध्ये चंद्रा या अवकाश दुर्बिणीने त्या टिपल्या. एक लाट पुरी व्हायला साधारण एक कोटी वर्षं लागतात, म्हणजे पियानोच्या मधल्या ‘सी’च्या ५७ सप्तकं खाली. त्या लाटा कित्येक पटींनी वर उचलून ऐकू येतील असा आवाज पुढे प्रसिद्ध झाला, आणि ‘नासाने विश्वाचा ओंकार रेकॉर्ड केला’ असे फॉरवर्ड मला अजूनही दर काही महिन्यांनी येतात. एक कोटी वर्षांतून एकदा होणाऱ्या हेलकाव्याला रेकॉर्डिंग म्हणायला जरा धाडस लागतं.

मग एवढं नियमन असूनही हा समूह मी सजीव का मानत नाही? कारण नियमन बिघडलं की काय होतं ते आम्ही पाहिलं आहे. ओफियुकस समूहात, आपल्यापासून सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवर, एका अतिप्रचंड स्फोटाचा खड्डा आहे. तिथला क्ष-किरणांतला वक्र कडा आधी लक्षात आला होता, पण त्यासाठी लागणारी ऊर्जा इतकी अफाट होती की, तो खड्डा असेल यावर विश्वास बसेना. २०२० मध्ये जीएमआरटी आणि ऑस्ट्रेलियातल्या एमडब्ल्यूए या रेडिओ दुर्बिणींच्या निरीक्षणांनी तो भरलेला दाखवला. गंमत पुढे आहे. त्या समूहात दाट, थंड वायूचा गाभा मधल्या दीर्घिकेपासून सरकलेला आहे. समूहातला वायू हिंदकळतो आहे, त्यात तो बाजूला गेला. कृष्णविवर एका जागी, खुराक दुसऱ्या जागी. झोत सध्या बंद आहेत. तो गाभा पुन्हा जागेवर आणणारी कुठलीही यंत्रणा तिथे नाही. आला तर गुरुत्वाकर्षणाने, आपोआप आणि योगायोगाने येईल.

याच्याशेजारी दोन मायक्रॉनचा ई. कोलाय जीवाणू ठेवून पाहा. तो पोहताना साखरेचं प्रमाण काही सेकंदांपूर्वी किती होतं आणि आता किती आहे याची तुलना करतो. ही तेवढ्यापुरती स्मरणशक्ती त्याच्या संवेदक प्रथिनांवर चिकटवलेल्या छोट्या रासायनिक गटांत साठवलेली असते. साखर वाढत असेल तर तो सरळ जात राहतो, कमी होत असेल तर गिरकी घेऊन दिशा बदलतो. ती प्रथिनं कशी बनवायची याची नोंद डीएनएत आहे, ती मोडली तर दुरुस्त करणारी विकरं आहेत, आणि चांगल्या परिस्थितीत वीस-एक मिनिटांत त्या नोंदीसकट जीवाणूची प्रत तयार होते. दीर्घिकासमूहाकडे नोंद नाही. त्याचं तापमान ‘किती असावं’ हे कुठेही लिहिलेलं नाही, भौतिकीच्या समतोलात जे निघतं ते निघतं. सूर्यही असाच स्वतःला सांभाळतो: गाभ्यात ऊर्जानिर्मिती किंचित वाढली तर गाभा फुगतो, थंडावतो आणि निर्मिती कमी होते. त्यासाठी जीव असावा लागत नाही.

सूर्याचा विषय निघालाच आहे तर एक हिशेब, कारण ‘तारे म्हणजे विश्वाची पेटलेली चयापचय क्रिया’ असं वाक्य मी भाषणांतून ऐकलं आहे. सूर्याची एकूण शक्ती भागिले त्याचं वस्तुमान केलं तर दर किलोला ०.०००२ वॅटच्या आसपास येतं. स्वस्थ बसलेला ७० किलोचा माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो, म्हणजे दर किलोला दीड वॅटच्या थोडं खाली. किलोमागे आपण सूर्यापेक्षा सुमारे सात हजार पट जास्त तापतो. सूर्य प्रखर आहे तो अजस्र आहे म्हणून.

पुनरुत्पादन आणि उत्क्रांतीचा मुद्दा लवकर आटोपता येतो. भौतिकशास्त्रज्ञ ली स्मोलिन यांनी १९९२ मध्ये अशी कल्पना मांडली की, प्रत्येक कृष्णविवरातून थोडे वेगळे नियम असलेलं नवं विश्व जन्मतं, आणि त्यामुळे जास्त कृष्णविवरं बनवणारी विश्वंच संख्येने वाढत जातात. यात निदान तपासता येण्याजोगी भाकितं होती, म्हणून मला ती आदराची वाटते. त्यांतलं एक न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मोठा तारा मेल्यावर उरणाऱ्या अतिदाट गोळ्यांच्या) कमाल वस्तुमानाबद्दल होतं, आणि २०१० मध्ये सूर्याच्या जवळजवळ दुप्पट वस्तुमानाचा न्यूट्रॉन तारा मोजला गेल्यावर ते चांगलंच अडचणीत आलं. शिवाय ती कल्पना खरी निघाली तरी तिच्यात विश्वं निवडली जातात एवढंच, ती जगतात असं नाही.

माझा मुख्य आक्षेप या सगळ्याहून साधा आहे. १९४३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर यांनी डब्लिनमध्ये जीवनावर जी व्याख्यानं दिली, त्यांतला गाभ्याचा मुद्दा असा: जीव स्वतःतली सुव्यवस्था टिकवतो ती बाहेरून सुव्यवस्था घेऊन आणि अव्यवस्था, म्हणजे एन्ट्रॉपी, बाहेर टाकून. आपण खातो, उच्छ्वास टाकतो, घाम येतो, अंग गरम राहतं. बाहेर म्हणून काही असल्याशिवाय यातलं काहीच शक्य नाही. आणि ज्याला आपण विश्व म्हणतो, त्यात सगळंच आलं. ते कुणाकडून घेणार आणि कुणाकडे टाकणार?

यावर हमखास येणारी शंका: अंड्यातलं पिल्लूही बंदच असतं की. नसतं. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून प्राणवायू आत येतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. अंड्याला मेण फासून छिद्रं बुजवली तर पिल्लू मरतं. दुसरी शंका बहुविश्वाची असते, आपल्या विश्वाबाहेर दुसरी विश्वं असतील तर? असतील तर असोत. त्यांच्याशी देवाणघेवाण होत असल्याची कुठलीही खूण आजवर सापडलेली नाही, आणि नुसत्या शेजाराने पोट भरत नाही.

‘बाहेर’ किती महत्त्वाचं हे पृथ्वीवर पाहता येतं. सूर्याकडून जेवढी ऊर्जा येते जवळपास तेवढीच पृथ्वी अवकाशात परत पाठवते. साठवत काहीच नाही म्हटलं तरी चालेल. फरक पडतो तो ऊर्जेच्या दर्जात. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५८०० केल्विनचा, पृथ्वी अवकाशातून दिसते ती सुमारे २५५ केल्विनची. त्यामुळे प्रकाशाचा एक कण आला तर अवरक्त किरणांचे वीसेक कण परत जातात. गवतापासून आपल्या विचारांपर्यंत सगळं या एकास वीसच्या व्यवहारावर चालतं. तो चालतो कारण सूर्याच्या चकतीचा ठिपका सोडला तर उरलेलं आकाश काळं आणि २.७ केल्विन इतकं थंड आहे. सगळं आकाश सूर्याच्या पृष्ठभागाइतकं तापलेलं असतं, तर ऊर्जा वारेमाप मिळाली असती आणि जीव एकही नसता. महास्फोटानंतर ३ लाख ८० हजार वर्षांनी आकाश खरोखरच तसं होतं, चहूबाजूंनी ३००० केल्विन. प्रसरणाने ते थंड केलं.

म्हणून मला विश्वाची भूमिका जीवाच्या नेमकी उलट दिसते. जीवांना जे ‘बाहेर’ लागतं, ते विश्व पुरवतं. ‘जे पिंडी ते ब्रह्मांडी’ ही उक्ती साधकाची आहे आणि पुरुषसूक्तातला सहस्र मस्तकांचा पुरुष हा ऋषींचा. त्यांना क्ष-किरणांच्या प्रतिमांनी सिद्ध करायची गरज नाही आणि खोडायचीही नाही. वाद असलाच तर तो त्यांचा आधार घेऊन ‘विज्ञानानेही मान्य केलं’ असं सांगणाऱ्यांशी आहे.

तुमचा प्रश्न खरंच विचारायचा असेल तर विश्वाऐवजी पृथ्वीबद्दल विचारा. शास्त्रज्ञ जेम्स लवलॉक यांनी १९६५ मध्ये सुचवलं होतं की, ग्रहावर जीव आहे का हे त्याच्या हवेवरून ओळखता येईल. आपल्या हवेत प्राणवायू आणि मिथेन एकत्र आहेत. हे दोघे एकमेकांना संपवतात, मिथेनचा रेणू हवेत दहाएक वर्षंच टिकतो. तरीही दोन्ही सतत आहेत, म्हणजे कुणीतरी ते सतत पुरवतं आहे. पुढे जीवशास्त्रज्ञ लिन मार्गुलिस यांच्यासह त्यांनी पृथ्वी स्वतःला सांभाळते हा गाया सिद्धांत मांडला. त्यावर ‘पृथ्वीला पिल्लं होत नाहीत, मग निवड कशातून झाली?’ असे जोरदार आक्षेप घेतले गेले, आणि ते आजही पूर्ण मिटलेले नाहीत. पण पृथ्वीला बाहेर आहे, तिची देवाणघेवाण मोजता येते, आणि तिच्यासारखे इतर ग्रह तपासता येतात. वाद घालायला निदान जमीन आहे.

लवलॉक यांचीच कसोटी विश्वाला लावली तर काय दिसतं? असमतोल तिथेही आहे, आणि प्रचंड आहे. पण तो विश्वाने कमावलेला नाही. महास्फोटाच्या वेळी पदार्थ विलक्षण समान पसरलेला होता, घनतेत फरक होता लाखात एक भाग. गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबात एवढी समान पसरलेली स्थिती म्हणजे भरलेली तिजोरी, कारण पसरलेला पदार्थ खेचला जाऊन गोळा होतो तेव्हाच तारे पेटतात. तेव्हापासून खर्चच चालू आहे. तारे बनण्याचा वेग सुमारे १००० कोटी वर्षांपूर्वी सर्वाधिक होता. आज तो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आला आहे, आणि अजून उतरतोच आहे.